पुस्तक संपलं, आता पहिली चित्रं पुन्हा काढू का?

प्रश्न : मी अकोले तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तीन वर्षं शाळा सुटल्यावर आणि सुट्ट्यांमध्ये मी मुलांसाठी चित्रांचं एक पुस्तक करत होते. तिन्हीसांजेला चुकलेली शेळी शोधायला निघालेली मुलगी आणि तिला वाटेत भेटणारे काजवे, एवढीच गोष्ट. 24 पानं. गेल्या महिन्यात शेवटचं चित्र हातावेगळं झालं. वाटलं होतं, फार आनंद होईल. पहिल्या दिवशी झालाही. दुसऱ्या दिवशी सगळी चित्रं क्रमाने लावून पाहिली, तर सुरुवातीची चित्रं दुसऱ्याच कुणी काढल्यासारखी वाटली. हात कच्चा दिसतो, रात्रीचा रंगही वेगळा आहे. ती पुन्हा काढावीत का? दुसरं असं की वर्गातल्या मुलांची चित्रं, दुकानातली पुस्तकं, सगळ्याकडे बघायची माझी नजरच बदलून गेली आहे. हे असं का होतं? आणि एक कुतूहल म्हणून विचारते, आपल्या नगर जिल्ह्यात पूर्वी कुणी चित्रांचं पुस्तक केलं होतं का?
(एक शिक्षिका, अकोले तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या पत्राबरोबर आलेले सगळ्या चित्रांचे फोटो मी पत्त्यांएवढे छापून घेतले आणि बाहेरच्या खोलीत फरशीवर ओळीने मांडले. दोन दिवस ते तिथेच होते. घरातली माणसं त्यांना वळसा घालून ये-जा करत होती. तेव्हा खाली जे लिहितो आहे ते तुमचं पुस्तक समोर ठेवूनच.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला त्याच्याच वाटेवर सापडली.

हो, नगरात चित्रांचं पुस्तक झालेलं आहे आणि तेही साडेचारशे वर्षांपूर्वी. नगरच्या किल्ल्याचं नाव निघालं की पंडित नेहरूंनी 1944 साली तिथे कैदेत लिहिलेलं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ सगळ्यांना आठवतं. त्याच किल्ल्याला दगडी तट बांधणारा राजा म्हणजे पहिला हुसेन निजामशाह. त्याच्यावर एक सचित्र पुस्तक तयार झालं होतं, हे मात्र नगरच्याही फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे त्याचं नाव. काव्य फारसी, कवीचं नाव आफताबी. हुसेनची थोरवी, त्याचा दरबार, त्याची राणी आणि 23 जानेवारी 1565 ची तालिकोटची लढाई हे त्याचे विषय. त्यात मुळात 14 चित्रं होती, आज 12 उरली आहेत. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि मंडळानेच 1987 साली जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेली त्याची प्रत काढली. दख्खनी चित्रशैलीची जी सर्वांत जुनी चित्रं आज आपल्याकडे आहेत, त्यांत ही मोडतात. ज्यांनी ती काढली त्यांची नावं कुठेही नाहीत.

या पुस्तकाचं पुढे जे झालं ते तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. लढाई जिंकून आल्यावर काही महिन्यांतच, 1565 च्याच जूनमध्ये हुसेन वारला. गादीवर आलेला त्याचा मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून कारभार त्याची आई खुंजा हुमायूँ पाहू लागली. चांदबिबी हिचीच मुलगी. पुस्तक या राणीच्याच आमदानीत पुरं झालं असावं असं अभ्यासक मानतात, कारण चित्रांमध्ये राजाच्या शेजारी तिला मानाची जागा होती. होती असं म्हणतो, कारण आज ती दिसत नाही. मुलाने पुढे आईला कैदेत टाकलं, तिची सत्ता गेली आणि पुस्तकातल्या तिच्या आकृतीही कुणीतरी घासून, रंग फासून घालवल्या. एकाच चित्रात ती वाचली असं अभ्यासक सांगतात. त्या चित्रात एका झाडापाशी एक स्त्री आहे आणि तिच्या स्पर्शाने ते झाड फुललं आहे. संस्कृत काव्यात याला दोहद म्हणतात. स्त्रीचा पाय लागला की अशोक फुलतो, तसं. आपला डोहाळे हा शब्द याच दोहदापासून आला. फारसी पुस्तकात, नगरच्या दरबारात, हा संकेत कसा येऊन बसला याचं मला दर वेळी नवल वाटतं. चित्रकार इथल्या मातीतले असणार आणि त्यांचा हात इथल्या गोष्टी सांगत असणार, एवढंच मनाशी म्हणतो.

आता तुमच्या दहाव्या जोडपानाकडे बघा. तुमची मुलगी सादड्याच्या खोडाला हात टेकते आणि अख्खं झाड काजव्यांनी पेटतं. नगरचं ते चित्र तुम्ही पाहिलेलं नसणार, तुमच्या प्रश्नावरूनच ते कळतं. पण झाड, हात आणि फुलून येणं तुमच्याकडेही तसंच आलं. फरशीवर बसून मी त्या पानाकडे बराच वेळ पाहत होतो.

पुसलेल्या राणीबद्दल आणखी एक सांगायचं आहे. त्या चित्रांच्या छापील प्रतिमा पाहताना डोळा सगळ्यात आधी पुसलेल्या जागेवरच जातो. राजा, चवऱ्या, दासी, सगळं ठसठशीत रंगवलेलं असतं. नजर मात्र तिथे जाते जिथे काहीतरी नाहीसं केलं आहे. पुरं झालेल्या पुस्तकात मागाहून कुणी हात घातला की असं होतं. चित्रं एकमेकांच्या आधाराने उभी असतात, त्यातलं एक हललं की शेजारच्या पानांना धक्का बसतो. तेव्हा पुन्हा काढू का या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर असं की हात कच्चा दिसतो म्हणून काहीही पुन्हा काढू नका. तीन वर्षांत तुमचा हात तयार झाला तो याच पानांवर. आता पहिली तीन काढाल तर त्यांच्यापुढे चौथं कच्चं दिसेल, मग पाचवं, आणि असं करत शेवटच्या चित्रापाशी पोहोचाल तोवर हात आणखी पुढे गेलेला असेल. हे करत राहिलेले चित्रकार मला माहीत आहेत. त्यांची पुस्तकं अजून कपाटातच आहेत.

एक पान मात्र पुन्हा काढाच. कोणतं, ते सांगण्याआधी गोदावरी ओलांडून पलीकडे जाऊन येऊ.

शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, पलीकडे पैठण. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. मोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे, अंगावर येणारे तांबडे आणि हिरवे रंग. अशीच परंपरा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने आजवर जिवंत ठेवली आहे आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेच्या चित्रांचा जो गठ्ठा असतो त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एक चित्र उभं करतो, गातो, सांगतो, मग ते बाजूला करून पुढचं आणतो. ऐकणारी माणसं एका वेळी एकच चित्र पाहतात, पण त्यांच्या मनात आधीचं ताजं असतं आणि पुढच्याची ओढ लागलेली असते.

म्हणजे चित्राला किंमत त्याच्या जागेमुळे येते. पैठणच्या पोथीतलं एखादं सुटं चित्र काचेमागे लावलेलं पाहिलं की ते सुंदर दिसतं, पण मुकं वाटतं. कथेकऱ्याच्या हातात ते आधीच्या चित्राचं उत्तर असतं आणि पुढच्याचा प्रश्न.

चित्रं काढत असताना चित्रकाराला हे दिसूच शकत नाही. महिना-महिना तुम्ही एकाच जोडपानावर बसलेल्या असता. मुलीच्या ओढणीची घडी, शेळीच्या कानाचा कोपरा, सादड्याची साल. सगळं पुरं झाल्यावर, पानं हातात आल्यावर, पहिल्यांदा तुम्ही तुमच्या पुस्तकाच्या वाचक होता. सुरुवातीची चित्रं दुसऱ्याच कुणी काढल्यासारखी वाटली ती म्हणूनच. ती पाहणारी बाई खरोखरच नवी आहे.

नगर जिल्हा साखर कारखान्यांचा, म्हणून त्याच भाषेत सांगतो. गळीत हंगाम चालू असतो तेव्हा कारखान्यात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. ऊस येत असतो, गाळप चालू असतं, बिघाड झालाच तर तेवढ्यापुरती दुरुस्ती करून पुन्हा सुरू. मग पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. आवारात शुकशुकाट होतो, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आपापल्या गावी जातात. आणि त्यानंतर यंत्रं उघडली जातात. कुठला रोलर झिजला, कुठल्या नळीत थर साचला, ते तेव्हा कळतं. तुमचा पट्टा पडला आहे. दुसऱ्या दिवशी जी पोकळी जाणवली ती या शुकशुकाटाची. ती काही दिवस राहील. त्याची भीती बाळगू नका, पण त्या दिवसांत मोठे निर्णयही घेऊ नका.

आता चौथं जोडपान, म्हणजे पान 8 आणि 9. पुन्हा काढायचं ते हे.

पहिल्या तीन जोडपानांत तुमची रात्र निळी आहे, चौथ्यापासून एकदम काळी. तुम्हाला वाटलं, निळी चुकली. मला वाटतं, निळी फार बरोबर आहे. मुलगी निघते तेव्हा तिन्हीसांज आहे, डोंगराच्या कडेला उजेड उरला आहे, ती निळी वेळ आहे. रात्र पानापानाने दाटत गेली तर मुलांना अंधार पडताना दिसेल, आणि हे चित्रांच्या पुस्तकालाच जमतं. अडचण फक्त एका उडीची आहे. तिसऱ्या जोडपानावर संध्याकाळ आहे आणि पान उलटताच मध्यरात्र. मधली पायरी तेवढी गळली आहे.

त्याच चौथ्या जोडपानात दुसरी गोष्ट आहे. उजव्या कडेला तुम्ही सादड्याचं उजळलेलं झाड थोडंसं डोकावू दिलं आहे. चित्र म्हणून ते छान आहे, कदाचित तुमचं सगळ्यात आवडतंही असेल. पण मुलाने झाड पाहिलं की शोध संपला, मग दहाव्या जोडपानापर्यंत ते कशासाठी जाईल? झाड काढून टाका. त्या जागी, अगदी उजव्या कडेला, बोट जिथे पान उलटायला लागतं तिथे, एकच काजवा ठेवा. मूल त्याच्या मागे पान उलटेल.

बाकी बारीक गोष्टी. सातव्या जोडपानात मुलगी उजवीकडून डावीकडे चालते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे ती घरी परत निघाली असं वाटतं. आफताबीच्या फारसी पुस्तकाची पानं उलट्या बाजूने उलटतात, तिथे हीच चाल पुढे जाण्याची झाली असती. फोटो उलटा करून बघा, बहुधा चित्र पुन्हा काढावं लागणार नाही, फक्त ओढणीचा खांदा बदलेल. आणि पाचव्या जोडपानात मुलीचा चेहरा बरोबर मध्ये आला आहे. 24 पानांचं, म्हणजे दीड फॉर्म्याचं पुस्तक बहुतेक मध्ये पिन मारूनच बांधतात, आणि ती घडी तिच्या नाकावरून जाईल. चेहरा तीन बोटं डावीकडे सरकवा.

यानंतर जे सांगायचं आहे ते सांगायची मी दोन दिवस वाट पाहत होतो. तुमच्या नवव्या जोडपानात गडद अंधार आहे, मुलगीसुद्धा जेमतेम दिसते. दहाव्यात झाड पेटतं. अकराव्यात पुन्हा अंधार, फक्त शेळीचे दोन डोळे. ज्याने मे महिन्याच्या अखेरीला भंडारदरा, रतनवाडी, घाटघरच्या बाजूला रात्र काढली आहे त्याला ठाऊक असतं की हजारो काजवे एका तालात लुकलुकतात. नर मादीला हाक घालत असतात. झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. तुमच्या पुस्तकात पान उलटणं हेच ते लुकलुकणं झालं आहे. अंधार, उजेड, अंधार. हे तुम्ही ठरवून केलंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. तीन वर्षं त्या झाडांखाली बसलेला हात ते करून गेला. तुम्हाला दिसलं नाही, कारण ही तीन चित्रं तुम्ही तीन वेगवेगळ्या महिन्यांत काढलीत.

पुस्तक संपल्यावर येणारी नवी नजर चुका शोधण्यातच खर्ची पडते. पण ती आपोआप जमून आलेल्या गोष्टीही शोधू शकते, आणि पुढच्या पुस्तकाचं बी तिथेच असतं.

छपाईबद्दल थोडं, कारण रात्रीचं पुस्तक छापणं अवघड असतं. काजव्याचा तो हिरवट पिवळा उजेड चार रंगांच्या छपाईत येत नाही. निळा, गुलाबीसर तांबडा, पिवळा आणि काळा या चार शायांतून जे रंग जमतात त्यांच्या बाहेरचा तो आहे. स्क्रीनवर चमकतो, कागदावर मळकट होतो. पाचवी खास शाई वापरता येते, पण खर्च वाढतो. त्यापेक्षा उजेडाच्या जागी कागदाचा पांढरा फार थोडा झाकू द्या आणि भोवतालचा अंधार आणखी गडद करा. डोळा उरलेलं काम करतो. आणि अंधारासाठी नुसती काळी शाई वापरू देऊ नका, तिच्याखाली निळ्याचा थर हवा. हे मी फुकटात शिकलेलो नाही. माझ्या पहिल्या पुस्तकात रात्रीची चार पानं होती. मी फक्त काळा दिला होता. छापून आली तेव्हा रात्र राखाडी होती. एका वाचनाला पुढे बसलेल्या मुलीने विचारलं, “इथे धुकं पडलंय का?” गोष्टीत धुकं नव्हतं. मी “हो” म्हणालो, आणि घरी येईपर्यंत तो “हो” टोचत होता. तेव्हा पहिली प्रूफं हातात आली की ती ट्यूबलाइटखाली पाहू नका, ओट्यावर दिवसाच्या उजेडात पाहा. आणि चित्रं चारही बाजूंनी कटाईसाठी 3 मिलिमीटर जास्त काढली आहेत ना, ते तपासा. तुमच्या दोन फोटोंत मला ती कड दिसली नाही.

राहिला दुसरा प्रश्न, नजर का बदलली.

यापूर्वी तुम्ही चित्र कसं काढलं आहे ते पाहत होता. आता ते कुठे ठेवलं आहे ते पाहता. मॉरिस सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे 1963 सालचं पुस्तक आता पुन्हा उघडून बघा. सुरुवातीची चित्रं लहान आहेत, भोवती पांढरा कागद भरपूर. मुलाचा राग आणि त्याचं स्वप्न वाढत जातं तशी चित्रं वाढतात, आणि धिंगाण्याच्या तीन जोडपानांत एक शब्दही नाही. मग चित्रं आवरती होत जातात आणि शेवटच्या पानावर चित्र मुळीच नाही, फक्त शब्द. हे आधी वाचलं असेल तर गोष्ट आवडली असेल. आता त्यातली शिवण दिसेल. एरिक कार्लचा 1969 सालचा भुकेला सुरवंट अनेक शाळांमध्ये असतो. कागदाला भोकं पाडता पाडता त्याला आधी पुस्तकात राहणारी अळी सुचली होती. सुरवंट सुचवला तो त्याच्या संपादक बाईंनी. आणि अशी भोकं असलेली पानं परवडेल अशा खर्चात अमेरिकेत होईनात, म्हणून पहिली छपाई जपानात झाली. पुस्तक एकट्याने संपवता येतं, पण बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी एका वाक्याने बदलतं.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं या नव्या नजरेने वाचा. लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या ‘राधाचं घर’मध्ये घरातल्या माणसांच्या आणि वस्तूंच्या जागा पाहा. त्या घरात सगळं आपलं आहे, आणि पुस्तक एकही वाक्य उगाच सांगत नाही, कारण चित्राने ते आधीच सांगितलेलं असतं. तुमच्या पुस्तकात सहाव्या जोडपानावर तुम्ही लिहिलं आहे की मुलगी घाबरली. चित्रात तिने चप्पल हातात घेतली आहे, पाय वाजू नये म्हणून. वाक्य काढून टाका, चप्पल पुरेशी आहे.

वर्गातल्या मुलांच्या चित्रांबद्दल तुम्ही लिहिलं आहे की आता त्यांना “छान काढलंस” म्हणता येत नाही, अडखळायला होतं. म्हणू नका. त्याऐवजी विचारा, “याच्या आधी काय झालं होतं?” आणि “आता काय होईल?” एका पोराने डोंगर आणि एक गाडी काढली असेल तर तो डोंगरामागची गोष्ट सांगायला लागेल. मग त्याला दुसरा कागद द्या. चार कागद झाले की मधोमध दुमडून दोरा घाला. चित्रकथीला यापेक्षा जास्त सामान लागत नव्हतं.

दोन गोष्टी मागतो. पहिली, पुस्तकाच्या आतल्या पानावर ज्या मुलांसाठी तुम्ही हे पुस्तक केलं त्या वर्गाचा उल्लेख करा, वर्षासकट. नगरच्या त्या बारा चित्रांच्या कारागिरांचं नाव कुणी लिहून ठेवलं असतं तर आज मी ते इथे लिहिलं असतं.

दुसरी, छापायला देण्याआधी चौथं जोडपान बदलून साध्या कागदावर एक डमी करा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, मान्सूनपूर्व सरी पडून गेल्यावर, मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन एखाद्या हिरड्या-सादड्याखाली बसा. टॉर्च नको, काजव्यांना उजेडाचा त्रास होतो. दिवस मावळता मावळता वाचायला सुरुवात करा, म्हणजे निळी पानं निळ्या उजेडातच वाचून होतील. मुलं कुठे पान उलटायला हात पुढे करतात आणि कुठे मागचं पान पुन्हा बघायला मागतात, ते लक्षात ठेवा. आणि वाचता वाचता वर पहिला काजवा लागला, तर पुस्तक मिटून ठेवा. उरलेली पानं सुट्टी संपून शाळा उघडल्यावर.